दुपारची चाहूल

१

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या त्या बाईंना अख्खी गल्ली नुसतंच 'बाई' म्हणत असे. गिऱ्हाईकाला अंधाऱ्या खोलीत बसवायचं, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि एकेक काच बदलत जायचं, हे त्यांचं काम. इतक्या वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळून चुकली होती. माणसं न दिसणारी अक्षरंसुद्धा वाचतात. नंबर वाढला नसावा अशी आशा असते, मग अंदाजानं ठोकून देतात. बाई हळूच म्हणत, "आठवून नका सांगू, बघून सांगा."

त्यांचा नवरा पोहायला शिकवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. तलावाच्या या काठावरून हाक मारली की त्या काठावरचं पोर दचकावं असा त्यांचा आवाज. अशा माणसाच्या अंगावरून एका सकाळी दात घासता घासता वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. उरले दोन डोळे आणि डावा हात. हातात हात घेऊन बाई विचारत आणि मास्तर उत्तर देत. एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या नवरा-बायकोला तेवढी भाषा पुष्कळ झाली, असं बाई हसून म्हणत. हसू फार वेळ टिकत नसे, ही गोष्ट वेगळी.

सकाळी सांभाळायला मावशी येत. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलून देणं, सगळं त्यांच्याकडे. दुपारचं जेवण झालं की मात्र त्यांना दुसऱ्या घरी जावं लागे. तेव्हापासून बाई संध्याकाळी परत येईपर्यंत मास्तर घरात एकटे. दुकान दोन गल्ल्या पलीकडे, पण बाईंचा जीव घरातच अडकलेला असायचा.

त्यावर उपाय काढला त्यांच्या धाकट्या भावानं. त्याला घरात अजून छोटू म्हणत. पोट पुढे आणि केस मागे गेले तरी नाव काही सुटलं नव्हतं. दुकानांना, गोदामांना चोरापासून राखणारी यंत्रं बसवायचा त्याचा धंदा होता.

"हे बघ ताई," शिडीवरून उतरत तो म्हणाला, "एक डोळा दारावर, एक पॅसेजमध्ये, एक स्वयंपाकघरात आणि एक दाजींच्या खोलीच्या उंबऱ्यावर. समोरून कुणी गेलं की तुझ्या फोनवर त्या जागेचं नाव येणार. पॅसेजमधला दिवा आपोआप लागेल, कुणी नसलं की आपोआप विझेल."

"आणि उंदीर गेला तर?"

"गुडघ्याच्या खालचं ह्याला दिसत नाही. उंदीर मागच्या पायांवर चालायला लागला तर सांग, मी नोकरीला ठेवतो त्याला."

पलंगालाही त्यानं एक वाकणारी दांडी लावून दिली. तिच्या टोकाला बटणासारखी चकती होती. तिला शिवायचीही गरज नव्हती. मास्तरांनी डावा हात नुसता तिच्याजवळ नेला की बाईंच्या फोनवर घंटा.

"कॅमेराच लावून टाकतो की," छोटू म्हणाला. "सगळं दिसेल."

"नको," बाई म्हणाल्या. "चारचौघांत आयुष्यभर ताठ उभा राहिलेला माणूस आहे. त्यांना असं उघड्यावर नाही मांडायचं मला." आणि मास्तरांचा हात हातात घेऊन विचारलं, "बरोबर ना हो?"

मास्तरांनी एकदा दाबलं.

२

पहिले काही आठवडे बरे गेले. फोन थरथरला की बाई गिऱ्हाईकाच्या नकळत त्याच्याकडे नजर टाकत. खोली, पॅसेज, दार. म्हणजे मावशी निघाल्या. त्यानंतर फोन गप्प. त्या गप्प राहण्याची बाईंना सवय झाली, आणि पुढे पुढे त्याचाच आधार वाटू लागला. फोन गप्प आहे, म्हणजे मास्तर झोपलेत.

एके दुपारी एक गृहस्थ हनुवटी टेकवून बसले होते आणि फोन थरथरला.

खोली.

थोड्या वेळानं पॅसेज. मग स्वयंपाकघर.

मावशी गेल्यानंतर दाराचं नाव पुन्हा आलं नव्हतं. बाईंनी गिऱ्हाईकाला तसंच अंधारात सोडलं आणि मावशींना फोन लावला. मागे बसचा आवाज येत होता. "मी तर मघाशीच निघाले, बाई. काय झालं?" त्या बोलत असतानाच फोन परत थरथरला. पॅसेज. खोली. जो कुणी गेला होता तो आल्या वाटेनं परत फिरला होता.

बाई धावतच घरी गेल्या. कुलूप जसंच्या तसं. पॅसेजमध्ये शिरल्यावर दिवा लागला, म्हणजे आधी तो विझलेला होता. स्वयंपाकघरात भांडी धुऊन पालथी घातलेली, खिडकी आतून लावलेली. मास्तर पलंगावर जागे होते, आणि घामानं उशी भिजली होती. बाई जवळ जाताच त्यांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट असं धरलं की घड्याळाचा पट्टा रुतला.

"अहो, काही नाही, मीच आहे. धावत आले म्हणून दचकलात?"

चकतीची दांडी भिंतीकडे वळलेली होती. मास्तरांचा हात पोचणार नाही इतकी दूर. मावशी घाईत असतात, बाईंच्या मनात आलं, आणि त्यांनी ती वळवून जागेवर आणली.

संध्याकाळी छोटूनं शिडी लावून चारही डोळे तपासले. "भिंतीवर ऊन पडतं, पडदा हलतो, फ्रिजच्या मागून गरम हवा येते," तो म्हणाला. "यंत्र आहे ताई. त्यालाही भास होतात."

"भास माणसाला होतात."

"मग संगतीनं लागले असतील."

त्यानं पॅसेजमधला डोळा बदलला, खोलीतला पडदा बांधून टाकला. जाताना मात्र दाराशी थांबला आणि डोकं खाजवत म्हणाला, "पण एक आहे. ऊन काय, वारा काय, एका डोळ्याला फसवतं. तिघांना ओळीनं फसवत नाही." मग बहिणीचा चेहरा बघून घाईघाईनं, "बघू, बघू," म्हणत निघून गेला.

३

पुढल्या आठवड्यात तेच झालं. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी होऊ लागलं. मावशी गेल्यावर बराच वेळ शांत, आणि मग खोली, पॅसेज, स्वयंपाकघर. थोडा विसावा. मग पॅसेज, खोली. बाई दोनदा धावत गेल्या आणि दोन्हीदा घरात मास्तरांशिवाय कुणी नव्हतं. तिसऱ्यांदा धावता धावता त्या रस्त्याच्या मधोमध थबकल्या. मागून कुणी हॉर्न वाजवला तरी हलल्या नाहीत.

पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. ही वाट कुणाची? तहान लागली म्हणून उठलेल्या माणसाची.

मास्तर चालत होते. घरात कुणी नसताना, भिंत धरून, पडत-झडत चालत होते, आणि कुणाला सांगत नव्हते. त्यांचा स्वभावच तसा होता. तलावावर शिकणाऱ्या पोरांना ते बजावत, अख्खा तलाव पार करता आल्याशिवाय आईबापांना बोलवायचं नाही. अर्धवट काही दाखवायचं नाही.

व्यायाम घ्यायला एक मुलगी सकाळी येत असे. तिला बाईंनी आडून आडून विचारलं. "उजव्या पायात अजून काहीच हालचाल नाही," ती म्हणाली. "पण माणसाच्या शरीराचं काही सांगता येत नाही." बाईंनी दुसरं वाक्य तेवढं उचललं आणि दिवसभर जपून वापरलं.

त्यांनी कपाटातून मास्तरांच्या चपला काढल्या. जाड रबरी तळाच्या, तलावावर घालायच्या. पुसून पलंगाशी मांडल्या, पुढचं टोक बाहेर करून, म्हणजे पाय खाली सोडले की थेट आत जावेत. त्या संध्याकाळी घरी येऊन पाहतात तो चपला जागेवरून हललेल्या. बाई मटकन खाली बसल्या आणि पलंगाच्या कडेवर डोकं ठेवून रडल्या. कितीतरी महिन्यांत त्या इतक्या सुखानं रडल्या नव्हत्या.

"अहो," मास्तरांचा हात गालाशी धरून त्या म्हणाल्या, "मी काही विचारणार नाही. मला सगळं कळलंय. तुम्हाला वाटेल तेव्हा दाखवा."

मास्तरांनी दोनदा दाबलं. पुन्हा दोनदा. पुन्हा दोनदा.

"बरं बाबा, नाही विचारत. नाही म्हटलं ना!"

त्यानंतर प्रत्येक गोष्ट शुभच दिसू लागली. सकाळी दुकानात निघताना मास्तर बाहीची कड घट्ट धरून ठेवत. बाई म्हणत, पकडीत जोर आला. ते सारखे दाराकडे बोट करत; बाई म्हणत, बाहेर जायची ओढ लागली. रोज संध्याकाळी चकती भिंतीकडे तोंड करून असे. मावशी शपथेवर सांगत, "मी हात नाही लावला, बाई." मग बाईंनी ठरवून टाकलं की मास्तरच ती ढकलत असणार. चालायची तालीम करताना मधे कुणी यायला नको म्हणून.

बाईंच्या सुट्टीच्या दिवशी निघता निघता मावशी चाचरत म्हणाल्या, "बाई, राग मानू नका. मी निघायला लागले की साहेब रडतात. काल तर माझ्या पिशवीचा बंद सोडेनात."

"जिद्दी आहेत," बाई कौतुकानं म्हणाल्या. "तुम्ही बघाच आता."

मावशींनी पिशवी उचलली आणि त्या निघून गेल्या.

४

त्या दुपारी एक म्हातारे आजोबा तपासायला आले होते. बोलके, मिश्कील. पाटीवरची ओळ त्यांनी अशी धडाधड म्हणून दाखवली की बाईंना हसू आलं. कारण अर्ध्याहून जास्त अक्षरं चुकली होती.

"आजोबा, आठवून नका सांगू. बघून सांगा."

"अहो, दिसतंय की मला!"

"दिसत नाहीये. दिसावंसं वाटतंय तुम्हाला."

त्या हे म्हणाल्या आणि खिशात फोन थरथरला. खोली. रोजच्यासारखं त्यांच्या ओठांवर हसू आलं, आणि मग कसं कोण जाणे, आपलंच वाक्य त्यांना उलटं ऐकू आलं. हातातली काच त्यांनी खाली ठेवली.

चपला हलल्या होत्या. पण कशा हलल्या होत्या? त्या संध्याकाळी आणि नंतरच्या प्रत्येक संध्याकाळी त्यांनी चपला डोळ्यांनी पाहिल्या होत्या, हातानं उचलून परत नीट मांडल्या होत्या. आज पहिल्यांदा त्या आठवून पाहत होत्या. चपलांचं पुढचं टोक पलंगाकडे होतं.

बाई मागच्या स्टुलावर बसल्या. आजोबा बघत असताना त्यांनी पायातल्या चपला काढल्या, उठल्या, परत घातल्या, दोन पावलं चालून आल्या, वळून बसल्या आणि पुन्हा काढल्या. टोक बाहेरच आलं. दोन्ही वेळा बाहेरच. चालून आलेला माणूस पलंगावर बसतो तो पाठ करून. त्याच्या चपला पलंगाकडे तोंड करून कधीच सुटत नाहीत.

तशा सुटतात त्या फक्त पलंगाकडे तोंड करून उभं राहिलेल्याच्या.

पॅसेज, फोन म्हणाला. स्वयंपाकघर.

"बाई, बरं नाही का वाटत?" आजोबांनी विचारलं.

बाई चपला तिथेच टाकून निघाल्या.

५

घराशी पोचेपर्यंत फोन आणखी दोनदा थरथरला होता. बघायची गरज नव्हती. बाईंनी किल्ली इतकी हळू फिरवली की कुलपालाही कळू नये.

दार उघडलं तेव्हा पॅसेजमधला दिवा आधीच लागलेला होता.

त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. श्वास धरला. थोड्या वेळानं दिवा विझला. बंद पडद्यांमागची ती मळकट दुपार पॅसेजभर पसरली. काही नाही, बाई स्वतःला समजावत होत्या. यंत्र आहे. ऊन आहे. खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आतून एक अगदी साधा आवाज येत होता. चादरीवर कापड घासल्याचा. थांबत, परत सुरू होत, घाई नसलेला.

अनवाणी पावलांनी त्या फटीपर्यंत गेल्या. वर दिवा लागला, आणि त्या न हलता उभ्या राहिल्यावर परत विझला.

मास्तर उताणे होते, मान दाराकडे वळलेली. त्यांचा उजवा हात हवेत होता. बाई रोज सकाळी उचलून जिथे ठेवत तिथेच संध्याकाळपर्यंत पडून राहणारा तो निर्जीव हात, कोपरापासून वर उचललेला होता. बोटं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. मनगटाची कातडी गोल दबून पांढरी पडली होती, कुणी मुठीत धरल्यावर पडते तशी. हात वर गेला, कोपरात वाकला, डोक्यामागे नेला गेला, खाली आणला गेला. मग पुन्हा वर. पहिल्यांदा पाण्यात उतरलेल्या पोराचा हात धरून मास्तर शिकवायचे, तितक्याच धीरानं कुणीतरी शिकवत होतं.

बाईंची नजर खाली गेली. पलंगाशी चपला होत्या, टोक आत करून. जाड रबरी तळ पार दबून जमिनीला टेकले होते, भारी माणूस उभा असल्यासारखे. चपलांच्या वर बाईंनी पाहिलं की नाही, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

मास्तरांना त्या दिसल्या. त्यांचा डावा हात चादरीवर होता. त्यांनी चादर दोनदा दाबली. दोनदा. दोनदा. नाही. येऊ नकोस.

बाईंनी दार ढकललं.

उजवा हात धप्पकन छातीवर पडला. चपलांचे तळ सावकाश वर आले, ओला स्पंज पिळून सोडल्यावर येतो तसे. बाई पलंगाकडे धावल्या आणि मास्तरांच्या अंगावर जवळजवळ पडल्याच. त्यांच्या खिशात फोन थरथरला. त्या स्वतः उंबरा ओलांडून आत आल्या त्याचं थरथरणं मघाशीच होऊन गेलं होतं, आणि मागे पॅसेजमध्ये दिवा लागलेला त्यांना भिंतीवर दिसला. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. दिवा विझेपर्यंत त्या भिंतीकडेच बघत राहिल्या.

मग त्यांनी मास्तरांचा डावा हात हातात घेतला.

"चालणारे तुम्ही नव्हतात?"

दोनदा.

"कोण आहे? ओळखीचं आहे का?"

हात नुसता पडून राहिला. हो नाही, नाहीही नाही.

"तुम्ही मला सांगत होतात. इतके दिवस. मला सांगत होतात ना?"

मास्तरांनी एकदा दाबलं. बाईंनी त्यांच्या हातावर कपाळ टेकलं, पण या वेळी त्यांना रडू आलं नाही.

६

त्याच संध्याकाळी छोटूनं गाडी आणली आणि दोघांना आपल्या घरी नेलं. बहिणीनं सांगितलं ते त्यानं पूर्ण ऐकून घेतलं, हसला नाही, एकही शंका काढली नाही. त्याच्या घरात मात्र एकही डोळा नव्हता. "दिव्याखाली अंधार," त्याची बायको म्हणायची. आता बाईंना तो अंधारच हवासा वाटला.

जुन्या घराला कुलूप होतं. आतले डोळे अजून चालू होते, पण फोनवर पुन्हा कधी एकही नाव आलं नाही. स्वयंपाकघर नाही, पॅसेज नाही. बाई दुपारी फोन समोर ठेवून बसत आणि तो गप्प राही. तिथलं तिथेच संपलं, असं त्यांनी मनाशी धरलं. त्यांनी दुकानातून रजा घेतली होती. मास्तरांना क्षणभरही एकटं सोडत नव्हत्या. मास्तर जेवू लागले, त्यांना झोप लागू लागली. बाहीची कड धरणं सुटलं.

आणि एके सकाळी त्यांच्या उजव्या हाताचं बोट हललं.

व्यायामवाल्या मुलीनं आधी ते पाहिलं आणि ती किंचाळलीच. दुसऱ्या दिवशी मनगट हललं. आठवडा उलटायच्या आत कोपर वाकू लागलं. ती पोर म्हणाली की इतक्या झपाट्यानं कुणाचा हात परत आलेला तिनं पाहिला नाही. छोटूनं कामाला दांडी मारली. त्याची बायको दाराशी उभी राहून डोळे पुसत होती.

"मास्तर, दाखवा ना सगळ्यांना," मुलगी म्हणाली.

उजवा हात पलंगावरून उचलला गेला. वर गेला, कोपरात वाकला, डोक्यामागे गेला, खाली आला. पुन्हा वर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. छोटू तर ओरडलाच, "दाजी! पोहायला लागलात की तुम्ही!"

बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या मास्तरांचा चेहरा बघत होत्या. मास्तर आपल्या हाताकडे बघत नव्हते. ते छताकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरत होतं.

"आनंदाश्रू," छोटूची बायको म्हणाली.

बाई कडेला बसल्या. वर आलेला उजवा हात त्यांनी आपल्या हातात घेतला. तो उबदार होता, आणि त्यानं त्यांची बोटं लगेच धरली, सवयीनं धरावी तशी. दुसरा हात त्यांनी चादरीखाली नेऊन मास्तरांचा डावा हात शोधला. मग वाकून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, विचारलं, "अहो, हे तुम्हीच करताय ना?"

डाव्या हातानं दोनदा दाबलं.

आणि मग उजव्या हातानं, सावकाश, एकदा.